ठकीच्या तोंडातल्या टाचण्या

अहो,

मी कामावर निघाले. ठकी शेजारच्या काकूंकडे आहे. कानाच्या डॉक्टरांची उद्याची वेळ मी रद्द केली, लेकीचे कान आपल्यापेक्षा तिखट आहेत.

पहिलीची मुलं सध्या काय शिकतात ते बाईंनी आज पालकांना वर्गात बसवून दाखवलं. मोजमाप चाललंय, बाक वितीने आणि वर्ग पावलांनी. आपल्या ठकीने तुमच्या टेपसारखी रिबन मानेवर टाकली आणि बाक नीट मोजला. पण "किती विती भरल्या?" विचारलं की ओठ घट्ट. ऐकूच येत नाही असं बाईंना वाटत होतं ते यामुळेच. शेवटी मी हळूच विचारलं, तर म्हणते, "माप घेताना तोंडात टाचण्या असतात ना. बाबा तेव्हा कुठे बोलतात?"

बाईंना हसू आवरेना. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ती दुकानात आली की टाचण्या उशीला टोचून ठेवा आणि गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तिच्याशी बोला.

घरी तर तोंडात टाचण्या नसतात. तेव्हा रात्री एखादा शब्द माझ्याही वाट्याला येऊ द्या.

— ठकीची आई