एकमेव सक्षम पुरवठादार

मांडवी, रत्नागिरी
रविवार

आदरणीय अमरदीपदादा,

तुला आणि वहिनीला करुणाचा जयभीम. आम्ही इकडे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी म्हणाली, डॉक्टरांनी जिना बंद केलाय तरी तू लिफ्टला हात लावत नाहीस. (सरकारी खरेदी विभागात पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट सरळ वर गेलेली बघवत नाही, हे मी समजू शकते.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच नियम सांगायला लागतोस, आणि मला ही हकीकत एकदा तरी नियमांशिवाय सांगायची आहे.

तर दादा, तुझी बहीण आता देशाच्या संरक्षण व्यवस्थेचा भाग आहे. एप्रिलातल्या एका सोमवारी माझ्या शिलाईच्या दुकानासमोर लष्कराची गाडी उभी राहिली आणि वर्दीतले एक साहेब उतरले. (त्यांच्या लष्करी ठाण्याचे नाव लिहीत नाही, कामाच्या कागदावर तसे बजावले आहे. मासळीबाजारात विचारलेस तर नाव, रस्ता आणि साहेबांच्या डब्यात आज काय होते तेही सांगतील.) त्यांच्या चोवीस होड्यांना पावसाळ्याआधी जाड ताडपत्रीची आवरणे हवी होती. काम तातडीचे, म्हणून टेंडर नाही, दरपत्रके नाहीत. साहेबांनी विचारले, "यमुनाबाई की दुकान यही है?" यमुनाबाईंचे दुकान समोरच आहे, पण त्या भाचीच्या साखरपुड्याला दापोलीला गेल्या होत्या, आणि दापोलीहून एसटीने माणूस परत कधी येईल हे एसटीलाही ठाऊक नसते. मी म्हटले, "साहेब, उघडे आहे ते दुकान हेच." यात खोटे एक अक्षर नाही, हे तूही मान्य करशील.

आठवड्याने कागद आला. त्यात माझे नाव आणि त्यापुढे लिहिलेले, 'एकमेव सक्षम पुरवठादार'. मी तो दहादा वाचला. बावीस वर्षे मी ब्लाउज आणि परकर शिवते आहे, पण सक्षम मला कोणी म्हटले नव्हते, आणि एकमेव तर आपल्या आईनेही म्हटले नाही. त्या दिवसापासून विनाटेंडर पद्धतीतले गुण मला दिसू लागले. वेळ वाचतो. कागद वाचतो. शिवाय दहा जणांना मापे दाखवली तर गुपित राहील कसे? (मापे गोपनीय असल्याने साहेबांनी ती मलाही दिली नाहीत, वरून मंजुरी यायची होती. शेवटी धक्क्यावरच्या कोळणींनी होडीची लांबी-रुंदी बोटाच्या पेरापर्यंत सांगितली.)

ब्लाउजच्या मशीनवर ताडपत्री शिवायला बसले तेव्हा पहिल्याच दिवशी सात सुया तुटल्या. आठवी तुटली तेव्हा मशीनच थांबले. तरी मी एक आवरण हाताने पुरे केले आणि साहेबांना बोलावले. चार जवानांनी ते होडीवर चढवले. पुढून असे चापून बसले की मलाच माझे कौतुक वाटले. मागे गेल्यावर साहेबांनी आवरण दोनदा ओढून पाहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, इंजन कहाँ जाएगा?" इंजिनाला मी जागाच ठेवली नव्हती. (ब्लाउजला मागे इंजिन नसते.) साहेब सज्जन, ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, की पावसात होड्यांची यंत्रे बिघडली आणि समुद्रात कोणी अडकले, तर माझे जवान जाणार कशाने? दादा, तोवर मला तो कागद दिसत होता, होडीत बसणारी माणसे दिसलीच नव्हती. त्या दिवशी जेवण गेले नाही.

मग मी समोर गेले. यमुनाबाईंकडे मोटरवर चालणारे मोठे मशीन आहे आणि वीस वर्षे त्या मच्छीमारांच्या ट्रॉलरची छते शिवतात. हे मांडवीत सगळ्यांना माहीत, साहेबांनाही माहीत होते, म्हणून तर ते आले होते. यमुनाबाईंनी मला बसायलाही सांगितले नाही.

"काय गो करुणा, एकमेव झालीस म्हणे!"

"यमुनाबाई, मशीन बंद पडले."

"शाळेच्या गणवेशाचे काम मला दरपत्रके न मागवता दिले, तेव्हा हेडमास्तरांच्या दारात दोन दिवस कोण बसलेली?"

"मी."

"आणि फलकावर काय लिहिलेलेस?"

फलकावर 'संधीची समानता' असे लिहिले होते. (शब्द तूच फोनवरून सांगितले होतेस.)

"साहेबाने मला नुसते विचारले असतेन तर मी कमी भावात दिले असते," त्या म्हणाल्या. मग उठून मशीनवरचे कापड काढले. "होड्या थांबायच्या नाहीत, म्हणून शिवते. पण साहेबाला खरे काय ते तू सांगायचेस. माझ्यासमोर नको, मला लाज वाटेल. पण सांगायचेस."

एकोणीस दिवस आम्ही दोघी शिवत होतो. म्हणजे त्या शिवत होत्या, मी कापत होते आणि सुया पुरवत होते. चोवीसच्या चोवीस आवरणे इंजिनासकट बसली. साहेब न्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले, दापोली, साखरपुडा, उघडे दुकान. ते हसून म्हणाले, काम चांगले झाले हे महत्त्वाचे. माझ्या मनावरचे ओझे उतरले. खरे बोलल्याने माणूस किती हलका होतो हे अनुभवानेच कळते.

वहिनीला नमस्कार, आणि लिफ्टने जा.

तुझी धाकटी बहीण,
करुणा

ता. क. पुढच्या चाळीस आवरणांचे म्हणे रीतसर टेंडर निघाले आहे. जाहीर स्पर्धा, कोणीही यावे. अट एवढीच की वर्षाची उलाढाल पाच कोटींची हवी आणि स्वतःचा कारखाना हवा. या अटीत बसणारी एकच कंपनी आहे असे ऐकते, ती कुठल्या गावची ते ठाऊक नाही. म्हणजे मला निवडले तेव्हा निदान समोरचे दुकान बंद तरी होते. तुझ्याइतका अर्ज लिहिणारा माणूस मला माहीत नाही, तेव्हा हे काम आम्हा दोघींना टेंडरशिवायच देणे देशाच्या हिताचे कसे आहे, यावर दोन पाने लिहून पाठव. तुझ्या तत्त्वात बसत नाही हे मला माहीत आहे. तरी पाठव.

ता. क. २. यमुनाबाई इतका वेळ शेजारी बसून पत्र वाचत होत्या, आता चहा ठेवायला आत गेल्या आहेत म्हणून घाईत लिहिते. साहेबांना मी काहीच सांगितलेले नाही. सांगायला तोंड उघडले आणि "साहेब, पाणी घेणार?" असे निघाले. पाणी पिऊन ते गेले. आत त्या माझ्यासाठी साखर कमी टाकतायत, मला चालत नाही म्हणून. तेव्हा दादा, अर्जात ते एक वाक्य तूच घाल, की साहेब आले होते ते यमुनाबाईंकडे. अगदी पहिलेच वाक्य घाल. शेवटी घातलेस तर मी ते पान फाडून अर्ज देईन, मी मला ओळखते.