डावीकडच्या सरूचा शेंडा

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. आधी झाडांचं सांगते, तेवढं मला नीट सांगता येतं.

दाराच्या उजवीकडची सरू आता माझ्या डोक्याच्या हातभर वर गेली आहे. तू नोकरीला गेलीस त्या आठवड्यात बाबांनी दोन्ही अंगांना एकेक लावली होती, आठवतं? डावी तुझी, उजवी माझी. खांबासारखी उभी वाढणारी, बारमाही हिरवी जात. हातभर जागेत मावते, म्हणून आपल्या चिंचोळ्या अंगणाला बरी. आपल्या रोपवाटिकेत बाबांनी दोघींना शिकवलं तसंच मी करत आले. बोट मातीत खुपसून ओल बघायची, मगच पाणी; बुंध्याशी डबकं होऊ द्यायचं नाही. दोन्ही सरूंना मोजून सारखंच घातलं. तरी तुझी सरू माझ्या सरूपेक्षा वीतभर उंच झाली.

पाणी मी घालायचे आणि कौतुक तुझं व्हायचं. बाबा चहाचा कप घेऊन तुझ्या सरूपाशी उभे राहायचे. "बघ कशी ताठ! अगदी थोरलीवर गेलीय." शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी विचारलं, "आणि ही धाकटी?" तर बाबा हसून म्हणाले, "ही सावकाश. हिला हाताला धरून चालवावं लागतं." गंमतच होती गं, पण माझ्या मनातून ती गेली नाही.

मग तू चार दिवस आलीस. तुझ्या कामावरची ती एवढी मोठी बाग, तुझी नवी कात्री, बाबांचे चमकणारे डोळे. जेवताना तू म्हणालीस, "बाबा, डावीचा शेंडा कापा, नाहीतर छज्ज्याला टेकेल." बाबा उसळले, "मी आहे तोवर तिला कुणी कात्री लावायची नाही. शेंडा गेला की झाड फाकतं, एवढंही विसरलीस?" तू म्हणालीस, "बरं, राहिलं!" आणि दोघं हसलात. मला त्या भांडणाचासुद्धा हेवा वाटला. माझ्याशी बाबा कधी वाद घालत नाहीत. मला नुसतं सांगतात, मी मान डोलावते.

तुला बसपर्यंत सोडायला बाबा गेले, तेव्हा मी स्टूल आणलं आणि तुझ्या सरूचा शेंडा उडवला. टीचभरच.

बाबांनी परत आल्याआल्या वर पाहिलं. स्टूल अजून तिथेच होतं, त्यावर चढून त्यांनी बोट फिरवलं. "तिरका, स्वच्छ काप. वाऱ्यानं असं मोडत नाही. मीच शिकवलाय हा." मग खाली उतरून एवढंच म्हणाले, "सांगूनसुद्धा ऐकलं नाही तिनं. निघायच्या आधी कापलाच." मी भांडी विसळत होते. नळसुद्धा बंद केला नाही. आणि खरं सांगू? माझा संशयही त्यांना आला नाही, याचंही मला वाईट वाटलं. तिथेही आधी तूच आठवलीस.

तेव्हापासून बाबा माझ्या सरूपाशी उभे राहतात. मला हेच हवं होतं ना? पण कप अर्धा भरलेलाच आत येतो. तुझ्या सरूला दोन शेंडे फुटलेत, मधून ती उघडायला लागली आहे. त्यातला एक काढून दुसरा काठीला सरळ बांधला तर सावरेल. बाबांना हे माझ्याआधी कळलंय. पण ते तिला हात लावत नाहीत, आणि माझा हात धजत नाही.

तू लिहिलंस, "बाबा फोनवर दोन शब्दांत आटपतात. माझं काय चुकलं?" तुझं काही चुकलं नाही, ताई. महिनाभर तू माझी शिक्षा भोगते आहेस, आणि मी ती बघत बसले. हे पत्र मी आता बाबांच्या हातात देणार आहे. वाचून झाल्यावर पाकिटावर पत्ता त्यांनीच घालावा, असं सांगणार आहे. तेव्हा पाकीट टाकून दिलं असशील तर उचलून पुन्हा बघ. अक्षर त्यांचं असेल तर मी धीर केला. माझं असेल तर आजच त्यांना फोन कर आणि हे सगळं वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस.

तुझीच,
धाकटी