तांदळातलं कडं

माय, परवा होळी झाली. या वर्षी मी ती तुझ्या अंगणापुढच्या चौकात पाहिली. भावाने फोन करून बोलावलं होतं, आणि मीही फार आढेवेढे न घेता निघाले. सारंगखेड्याच्या पुलावरून बस जाताना मी खिडकीशी सरकून तापी बघितली. तू बघायचीस तशी, हात जोडून. मग हात जोडले ते नदीला की तुझ्या सवयीला, हे माझं मलाच कळेना. असल्या गोष्टींचा मी फार विचार करते. तू म्हणायचीस, या पोरीला पाणी दिलं तरी आधी तांब्या तपासेल.

होळीची तुझी धांदल मला अजून वासासकट आठवते. सकाळपासून पुरण शिजतंय, भिंतीला गोवऱ्यांची माळ टेकलीय, आणि देवळीत उंच, आमचे हात पोचणार नाहीत असे, बाजारातून आणलेले साखरेचे हार आणि कडी. पांढरे, गुलाबी. संध्याकाळी होळी पेटली की तू तांब्यातल्या पाण्याची धार धरून तिच्याभोवती फिरायचीस, नैवेद्य टाकायचीस, आणि मगच आमच्या गळ्यात हार पडायचे. रात्रभर हार गळ्यात. सकाळी मान चिकट, आणि होळीच्या निखाऱ्यांवर तापवलेल्या पाण्याने तू ती खसाखसा घासतेस. या पाण्याने अंघोळ केली की उन्हाळा बाधत नाही, असं तू सांगायचीस. बाधायचा तो बाधायचाच, पण आम्ही निमूट बसायचो.

सगळे हार आठवडाभरात फस्त व्हायचे. एक कडं मात्र तू तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवायचीस, ओल लागू नये म्हणून. ते आधी आत्याचं असायचं. माझं लग्न झालं आणि ते माझं झालं. होळीला मी सासरी, म्हणून माझ्या वाटणीचं कडं आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, थांबायचं. आखाजीला लेकी माहेरी येणार, हे आपल्याकडे ठरलेलंच. त्या पहिल्या आखाजीला मी दारात पोचले ती रडायच्या बेतानेच. तू तांब्या पुढे केलास. माठातलं पाणी, त्यात विरघळलेलं ते कडं. "पह्यले पानी पी," तू म्हणालीस, "मंग सासूनं गाऱ्हानं सांग." मी पाणी प्याले आणि गाऱ्हाणं विसरले. तेव्हा वाटलं, साखरेमुळे विसरले. आता वाटतं, कोणीतरी होळीपासून आपली वाट बघत होतं हे त्या पाण्यात कळायचं.

तू गेलीस ती होळी आणि आखाजीच्या मध्ये. सगळं आटोपल्यावर वहिनी तांदूळ काढायला गेली, आणि ओंजळीत ते गुलाबी कडं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, हाई तुम्हनं शे. मायनी ठेयेल व्हतं तुम्हनासाठे." मी ते पदरात बांधून नंदुरबारला आणलं आणि माझ्या तांदळाच्या डब्यात ठेवलं. तेव्हापासून किती तांदूळ आले आणि शिजले, कडं तिथेच आहे. गुलाबी रंग उडाला. एक कड झिजली. पावसाळ्यात मी ते कापडात गुंडाळायचे, उन्हाळ्यात सोडायचे.

आणि माहेरी कोणी माझ्यासाठी कडं ठेवत नाही, हे दुःखही मी तितक्याच काळजीने सांभाळलं. दर आखाजीला जायचे, वहिनी चहा करायची, चांगला आलं घालून, आणि मी मनात म्हणायचे, आई असती तर. वहिनीला कधी काही बोलले नाही. त्याला मी माझा समंजसपणा समजत होते.

परवा होळीचा नैवेद्य वाढताना मी सवयीने तिच्या तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं. वहिनी पोळी लाटत होती. मागे न वळता म्हणाली, "काय धुंडी ऱ्हायनात ताई? उंदीर शे का?"

मी हसले. मग कसं कोण जाणे, विचारून टाकलं, "तू कधी कडं ठेवलं नाहीस ना गं?"

तिचं लाटणं थांबलं. "ठेयेल व्हतं ना. माय गयी त्याना दुसरा साले, आखाजीले. तुम्ही तांब्या परत करी दिन्हा. नको म्हन्यात."

आणि मला ते आठवलं, माय. दारातच तिने तांब्या पुढे केला होता. माठाचं थंड पाणी. मला हुंदका आला, मी हाताने तांब्या बाजूला सारला आणि थेट तुझ्या फोटोकडे गेले. मला फक्त माझा हुंदका आठवत होता. तिचा तांब्या आठवत नव्हता.

"मंग मी कसाले ठेवू?" ती म्हणाली. "तुम्हना घर मायनं कडं शेच. ते शे तवलोंग मन्हं पानी तुम्हले गोड लागाव नही. माय खावासाठे ठेवे ताई, तुम्ही त्यान्हा देवच करी ठेयेल शे." आणि लगेच, "सरका, पोळी जळी ऱ्हायनी." पोळी जळत नव्हती.

रात्री होळीभोवती तिने पाण्याची धार धरली. तुझ्यासारखी नाही, भरभर, अर्धा तांब्या रस्त्यातच सांडत. निघताना तिने पिशवीत पुरणपोळ्या भरल्या.

आज दुपारी घरात कोणी नव्हतं. मी तुझं कडं काढलं. तांब्यात माठाचं पाणी घेतलं. कडं इतकं कठीण झालं होतं की बत्त्याने फोडावं लागलं. विरघळायलाही वेळ लागला. प्याले. माय, खरं लिहायचं तर त्याला जुन्या तांदळाचा वास होता, आणि गोडी जेमतेम. तरी मी तांब्या खाली ठेवला नाही, शेवटपर्यंत प्याले.

मग वहिनीला फोन केला.

"मायचं कडं आज पाण्यात टाकलं," मी म्हटलं.

तिने लगेच विचारलं, "सरनं?"

"सरलं."

"बरं. एक गुलाबी उरेल शे आठे. तांदूयमा टाकी देस. आखाजीले लवकर येज्यात, नहीतं पोरं काढी लेतीन."

मी हो म्हटलं. या आखाजीला तिचा तांब्या दारातच दोन्ही हातांनी घेणार आहे, आणि तुझ्या फोटोकडे त्यानंतर जाणार आहे. तू रागावणार नाहीस, हे मला माहीत आहे.

फक्त एक तुला सांगून ठेवते, तिला सांगू नकोस. बत्त्याने फोडलं तेव्हा कड्याचे दोन तुकडे झाले होते. पाण्यात मी एकच टाकला.