फळीबद्दलचं मत

ढाणकी,
ता. ९ डिसेंबर २०१२

प्रिय अश्वजित,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल आहेत. आईचा गुडघा बरा आहे, माझी शाळा सुरू आहे, आणि बाबा जिवंत आहेत. शेवटची बातमी मुद्दाम कळवावी लागते आहे, कारण तू ती चुकीची छापून आणली आहेस.

फोन केला असता. पण फोनवर तू हसतोस आणि "ताई, इकडं वारा लय आहे, काहीच ऐकू नाही येऊन राह्यलं" म्हणून ठेवून देतोस. म्हणून पत्र. पूर्ण वाच. पाकिटात आणखी एक कागद आहे, तो बाबांनी स्वतः घडी घालून ठेवला आहे. तो शेवटी उघड.

तुझं सप्टेंबरचं पत्र आत्ता माझ्यासमोर आहे. त्यात तू लिहिलंस की बर्फावर घसरायच्या फळ्या बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीने आता समुद्राच्या लाटांसाठी सर्फबोर्ड काढले आहेत, त्यातले सहा तुमच्या गोव्याच्या सर्फिंग शाळेला वापरायला दिले आहेत, आणि सगळ्यांची मतं लिहून मागितली आहेत. मतंही तू कळवली होतीस. तुमच्या जुन्या मास्तरांचं मत: फळी दणकट, खडकावर आपटली तरी तडा नाही. तुझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रियंकाचं मत: कडा फार धारदार, वळताना लाटेत अडकते. त्या धारेने तिच्या पोटरीला पाच टाके पडले, हेही तूच लिहिलंस. आणि तुझं मत असं: बर्फ पायाखाली घट्ट असतं, तिथे कडा रुतवावी लागते, पाणी पायाखालून पळतं, तिथे ती सोडावी लागते. कंपनी अजून बर्फावरच उभी आहे.

हे पत्र बाबांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. म्हणाले, "बराबर हाय पोट्ट्याचं. काळ्या मातीची तिफण मुरमाड बरडात नेली तं हेच होते." त्यांचा समुद्राशी काय संबंध? पण पेरणीची नवी तिफण केली की ते अजूनही ती गिऱ्हाइकाच्या वावरात घेऊन जातात, पेरणाऱ्याच्या मागे चालतात आणि विचारतात, "गोड बोलू नका, काय चुकलं थे सांगा." गेल्या जूनमध्ये गिऱ्हाईक बापूजींनी भर वावरात सुनावलं, "डोमाजी, दांडी जड झाली, बैल मानेनं बोंबलून राह्यले." बाबा तिफण परत खांद्यावर घालून आले आणि दुपारभर रंधा मारत बसले. मत म्हणजे आपल्या घरात ते असतं, अश्वजित.

नोव्हेंबरात तुझ्याकडून कंपनीची ती गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका आली. सोबत चिठ्ठी: "पान नऊ पाहा. मार्चमध्ये कंपनी मले बर्फ दाखवाले नेऊन राह्यली!" पान नऊवर तू त्याच फळीवर उभा, अंगावर पाणी, दात दिसतायत. बाबांनी हात धुतले, चष्मा लावला आणि मला म्हणाले, वाच. मी वाचून दाखवलं. मग त्यांनी ते पान पुस्तिकेतून सोडवलं आणि दुकानात करवतीशेजारी खिळ्याला लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पंधरा दिवस दाखवत होते.

मागच्या सोमवारी रामीबाई कुऱ्हाडीला दांडा बसवायला आली. सोबत तिची सून सुरभी होती, ती बी.ए. झालेली आहे. बाबा कौतुकाने म्हणाले, "वाच वं पोरी, सासूलेही सांग." मी शाळेतून नुकतीच आले होते, दारातच उभी होते. मला धावत जाऊन ते पान ओढून घेता आलं असतं. मी धावले नाही.

सुरभीने एकेक ओळ मराठीत सांगितली. हा यवतमाळच्या आत्महत्यांच्या पट्ट्यातला मुलगा. कापूस पिकवणाऱ्या त्याच्या वडिलांनी जीव दिला. ते वावरात सापडले तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती, दुसरी वावराच्या कडेला धुऱ्यावर पडली होती. ती चप्पल हातात घेऊन तो घरी आला आणि नंतर समुद्राकडे निघाला. आता तो म्हणतो, या फळीइतका भरवसा मी आयुष्यात कशावर ठेवला नाही.

ज्या माणसाच्या नावावर एक गुंठा जमीन नाही, त्याला तू कापूस पेरायला लावलंस आणि मारूनही टाकलंस! हे वाचून मला आधी हसू आलं होतं, खरं सांगते. नंतर तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी बाबांची लेक म्हणून संतापले होते. रामीबाईचं काय झालं ते मला त्या दिवशी दिसलं.

तिने सुरभीला थांबवलं. म्हणाली, "चपलीचं पुन्हा वाच." सुरभी खिळ्यापासून मागे सरली, तिलाही तोवर समजलं होतं. मग रामीबाई बाबांना म्हणाली, "डोमाजीभाऊ, थे चप्पल आमच्या घरची हाय. तुमचंच पोट्टं घेऊन आलतं धुऱ्यावरून. माया हातात देलती त्यानं. म्या अजून ठेवली हाय. मंग यानं कोणती नेली?"

सहा वर्षांपूर्वी रामीबाईच्या नवऱ्याने, प्रेमसिंगकाकांनी जीव दिला तेव्हा तू त्यांच्या तिरडीचे बांबू तोडलेस. दोन दिवस जेवला नाहीस. म्हणून मला वाटायचं, माझा भाऊ मनाचा हळवा आहे. तू तर सगळं नीट पाहून ठेवत होतास रे! आणि वेळ आल्यावर ते काढलंस कुठे, तर ज्या फळीने प्रियंकाचा पाय कापला तिची भलामण करायला. पान नऊवर प्रियंका नाही, टाके नाहीत, बर्फ आणि पाण्यातल्या फरकाचं तुझं मत नाही. नवशिकी पोरं तुझा शब्द धरून त्या फळीवर उभी राहतील, त्यांचं काय?

रामीबाई दांडा न घेताच गेली. कुऱ्हाड अजून दुकानात पडली आहे.

आता जे लिहायचं मी टाळते आहे, ते लिहिते. ती गेल्यावर बाबा माझ्याकडे वळले. "तू तं डोह वाचला होता," म्हणाले. "डोह कुठी हाय यात?"

मी वाचला होता डोह. पुस्तिका आली त्या दिवशी वाचता वाचता वडिलांनी जीव दिल्याची ओळ आली. समोर बाबा चष्मा सावरत बसलेले. मी मनानेच वाचलं, 'माझ्या वडिलांनी मला पैनगंगेच्या डोहात पोहायला शिकवलं, म्हणून आज मला पाण्याची भीती वाटत नाही.' बाबांनी ती ओळ परत वाचायला लावली. मी परत वाचली, थोडी वाढवून. पंधरा दिवस ते सगळ्यांना पान दाखवून हेच सांगत होते, "डोहाचं लिवलं पोट्ट्यानं." तुझ्यापेक्षा माझं खोटं बरं, असं मी स्वतःला समजावत होते. आता तसं वाटत नाही. तू बाबांना एकदा मारलंस आणि मी त्यांचं चारचौघांत हसं केलं.

माझ्यावर ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुले इंग्रजी येते ना?" एवढंच विचारलं, आणि पान खिळ्यावरून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा सदरा घालून मला म्हणाले, चल. ग्रामसेवकांकडे गेलो. साहेबांनी विचारलं, "पेन्शन आहे का? कायले पाहिजे मग?" बाबा म्हणाले, "पोराले पाठवाचा हाय. त्याले मालूम नाही." साहेब हसले, मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायचे थांबले आणि शिक्का मारला.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी पाहिजेत. कंपनीला लिही की पान नऊ खोटं आहे, आणि तुझं सप्टेंबरचं मत पाठव. त्या पत्राची झेरॉक्स याच पत्राला टाचली आहे. आणि इकडे ये. आधी आपल्या घरी नाही, रामीबाईच्या घरी जा. ती कुऱ्हाड तूच नेऊन दे. यामुळे मार्चचं बर्फ बुडालं तर बुडू दे. मी चिडून लिहिते आहे, आणि रडतेही आहे, दोन्ही समजून घे.

आई म्हणते, त्याले जेवला का विचार. जेवलास का?

बाबांना म्हटलं, तुमचं काही लिहू का?  त्यांनी सांगितलं ते तसंच लिहिते: "फळीची कड घास म्हणा, कानशीनं. पोट्टे कापतीन. दुसरं काही नाही."

तुझी, आणि तुझ्याइतकीच खोटं वाचणारी,
दीपा

सोबत: डोमाजी कचरू पाईकराव, धंदा सुतारकाम, हे हयात असल्याचा दाखला, मूळ प्रत. झेरॉक्स बाबांनी दुकानात त्याच खिळ्याला लावली आहे.