चारचा फोन

डोंबिवली (पूर्व),
शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९९७

प्रिय रतन,

हे पत्र टपालात टाकत नाही. टिटवाळ्याला पोचेपर्यंत मंगळवार उजाडेल आणि तुझ्या नोटिशीची मुदत सोमवारी संध्याकाळी पाच वाजता संपते. उद्या सकाळी मी स्वतः येऊन तुझ्या वहिनीच्या हातात देईन. बुधवारी आले होते तेव्हा तू घरातच होतीस, हे मला ठाऊक आहे. दाराशी तुझ्या निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. ‘ताई बाहेर गेल्यात’ म्हणताना वहिनी बिचारी कानापर्यंत लाल झाली. तू भेटली नाहीस ते बरंच केलंस म्हणा. समोर बसून मी पुन्हा काहीतरी चलाखीचं बोलले असते, चहा प्यायले असते आणि परत आले असते.

कागदावर ती चलाखी जमत नाही, म्हणून आज अर्धी रजा टाकून बसले आहे. तू म्हणशील, मला माहीत असलेलंच मला काय सांगतेस? पण तुला सोमवारच्या आत लेखी उत्तर द्यायचंय आणि त्यात सगळं क्रमाने यायला हवं. तेव्हा मी लिहिते तसं सरळ उतरवून काढ. नोकरीचा प्रश्न आहेच, पण नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात पोलिसांत तक्रार देण्याचंही लिहिलंय. तो परिच्छेद तू वाचलास ना? की पाकीट फोडून पुन्हा कपाटात ठेवून दिलंस? तुझा काही नेम नाही.

तर क्रमाने. आपला औषधांचा कारखाना, तुझी प्रयोगशाळा आणि गोदाम, तिन्ही पूर्वी वागळे इस्टेटीत एकाच आवारात. बॅच तयार झाली की नमुना तुझ्याकडे यायचा आणि माल गोदामात अडकून राहायचा. तुझी लेखी मंजुरी आल्यावरच तो सुटायचा, असं नियमांच्या पुस्तकात होतं. प्रत्यक्षात चालायचा तो चारचा फोन. बॅच नापास झाली तरच तू चारच्या आत गोदामात महिपतला फोन करायचीस. चार वाजून गेले आणि फोन वाजला नाही, की महिपत गाड्या सोडायचा. तुझी सही दुसऱ्या दिवशी, सवडीने. अकरा वर्षं हे चाललं आणि एकदाही घोटाळा झाला नाही. नवीन माणूस आला की आपण त्याला हे कौतुकाने सांगायचो.

मग गेल्या वर्षी गोदाम बाळकुमला गेलं. तोवर तुझ्याकडे एक संगणक होता, कारखान्यात दुसरा, गोदामात तिसरा. तिघांवरचे प्रोग्राम वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचं नाही. आमच्या संगणक विभागाच्या सुधीर सरांनी ठरवलं, सगळं मोडून एकच अगडबंब प्रोग्राम करायचा नाही. ज्याने त्याने आपापलं घर सांभाळायचं. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं नाही, दाराशी उभं राहून ठरलेल्या शब्दांत विचारायचं आणि ठरलेल्या शब्दांत उत्तर घ्यायचं. कल्पना चांगलीच होती, आजही मी तसंच म्हणेन. हे निरोप इकडून तिकडे नेणारा मधला प्रोग्राम मी लिहिला. सात महिने लागले. आम्ही त्याला टपाल्या म्हणायचो. गोदाम विचारणार, अमुक बॅच सोडू का? टपाल्या टेलिफोनच्या तारेवरून तो प्रश्न तुझ्या संगणकाकडे नेणार आणि तुझा हो किंवा नाही परत आणणार. किती मिरवले मी त्यावरून! मुख्य ऑफिसातले साहेब बघायला आले, त्या दिवशी मी मोरपंखी रेशमी साडी नेसून गेले होते. तू म्हणालीस, लग्न तुझं आहे की संगणकाचं?

एक गोष्ट ठरवायची राहिली होती. निरोप गेला आणि उत्तर आलंच नाही, तर काय करायचं? मी बाळकुमला जाऊन महिपतला विचारलं, तुम्ही काय करता? तो म्हणाला, फोन नाय आला तर गाडी सोडतो, अजून काय. मी खूश झाले. लोकांची अकरा वर्षांची सवय मोडायची नाही, संगणकालाच ती शिकवायची, याला मी हुशारी समजत होते. अर्धा तास वाट बघायची आणि उत्तर आलं नाही तर होकार धरायचा, अशी ओळ मी लिहिली. मार्चमध्ये तुझ्या प्रयोगशाळेत बैठक झाली, तिथे ही ओळ वाचून दाखवली. तू परीक्षानळ्या पुसत उभी होतीस. तू मान वर न करता म्हणालीस, “शालन, फोन आला नाही म्हणजे फोन आला नाही. एवढंच.”

मी विचारलं, मग अकरा वर्षं कसं चाललं? तेव्हा तू सांगितलंस की फोन बंद असला की तू लाल चिठ्ठी घेऊन, आवार ओलांडून, स्वतः महिपतकडे जायचीस. वर्षातून तीनचार वेळा तरी. तू हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाहीस, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. म्हणजे आपल्याकडे गप्प राहणं हा होकार कधीच नव्हता. नापास बॅचच्या वेळी तू गप्प राहायची नाहीस, एवढाच त्या पद्धतीचा आधार होता. हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. पण मी म्हटलं, “आता काय बाळकुमपर्यंत चालत जाणार आहेस?” सगळे हसले. तूही हसलीस. ओळ तशीच राहिली.

सोळा ऑक्टोबरला, गुरुवारी, सकाळी अकरा वाजता तू डोळ्यांच्या थेंबांची ती बॅच नापास करून संगणकात घातलीस. निर्जंतुकीकरणात दोष होता. अकराच वाजले असणार, कारण चहाच्या आधी नोंद केल्याशिवाय तू कप हातात घेत नाहीस. साधारण त्याच सुमाराला रस्त्याचं खोदकाम चालू होतं तिथे टेलिफोनची केबल तुटली. दोन वाजता गोदामाने प्रश्न विचारला. प्रश्न पोचला नाही, तुझं उत्तरही निघालं नाही. अडीच वाजता टपाल्याने होकार धरला. महिपतने खोके मोकळे केले आणि त्यातले काही बाळकुमच्याच नेत्रशिबिराला कंपनीतर्फे भेट म्हणून गेले. रविवारी शिबिर झालं आणि मंगळवारी तिघांचे डोळे सुजले. दोघं दिवाळीपर्यंत बरे झाले. तिसरी मनुबाई, खाडीकाठची सुकी मासळी विकणारी. तिचा डावा डोळा आधीच अधू, आणि उजव्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

आता पुरावा. गोदामाच्या कागदावर छापलंय, ‘प्रयोगशाळेची मंजुरी : होय, वेळ २.३०’. रतन, तो होय तुझा नाही. तो माझ्या प्रोग्रामने स्वतःच लिहिला. आलेला होकार आणि धरलेला होकार यांना दोन वेगळे शब्द ठेवायचं मला सुचलं नाही. आणि तुझ्या संगणकात तुझी ‘नामंजूर’ ही नोंद आहे, पण तिच्यावर तारीख पडलीय १ जानेवारी १९८०. त्याच्या घड्याळाचा सेल गणपतीपासून गेला होता, त्यामुळे रोज सकाळी चालू केला की तो ऐंशी सालात जाऊन बसायचा. तू नवा सेल मागणारी चिठ्ठी दिली होतीस, तारीख घालून, सही करून. मी तिच्यावर ‘किरकोळ’ असा शेरा मारून ती खणात टाकली. आता नोटिशीत म्हटलंय, बाईंनी आधी मंजुरी दिली आणि बोंब झाल्यावर तारखेशी खेळ करून नोंद मागाहून घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

इथपर्यंत तुझ्या उत्तरात घाल. पुढचं तुझ्या उत्तरासाठी नाही.

हे मला चौकशीच्या दिवशी कळलं असं नाही. मनुबाईची बातमी आली त्याच आठवड्यात मी प्रोग्रामचा कागद काढून बघितला आणि ती ओळ सापडली. सुधीर सरांना दाखवली. ते म्हणाले, ओळ बदलून टाका आणि विषय वाढवू नका, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बदलली नाही, पण बोललेही नाही. गेल्या शुक्रवारी चौकशीत कार्मिक अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं, संगणकाचा कागद चुकीचा असू शकतो का? सर माझ्याकडे बघत होते. तू टेबलाच्या पलीकडे बसली होतीस, पर्स मांडीवर घेऊन, आणि तूही माझ्याकडे बघत होतीस. रागाने नाही. मी बोलायला सुरुवात करेन म्हणून वाट बघत होतीस. मी मूग गिळून बसले. इतिवृत्तात लिहिलं गेलं, संगणक विभागाची हरकत नाही. सोमवारी तुझी नोटीस निघाली.

का गप्प बसले ते मी आठवडाभर स्वतःला निरनिराळं सांगून बघितलं. नोकरी जाईल, आईच्या औषधांचं काय, टपाल्या नाशिकच्या कारखान्यात न्यायचाय. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण ते नाही. तू मला चारचौघांत सांगितलं होतंस, मी तुझ्यावर सगळ्यांना हसवलं होतं, आणि आता तूच बरोबर होतीस असं त्याच माणसांसमोर म्हणायला माझी जीभ रेटेना. शाळेत असल्यापासून गणितात माझे मार्क जास्त आणि चुका शोधणारी तू. मला त्याचा राग होता, रतन. इतकी वर्षं मैत्रीण म्हणून मिरवले आणि मनात हा एवढासा राग जपून ठेवला. मला माझी किळस आली आहे.

रविवारी मी मनुबाईकडे गेले. मोसंबी नेली होती. मी कोण हे सांगितलं नाही, कंपनीची बाई एवढंच म्हणाले. तिने माझा हात चाचपून धरला आणि विचारलं, “बाय, मना परत दिसंल का गो?” मी लगेच हो म्हणाले. डॉक्टरांना विचारलं नव्हतं, मला काही माहीत नव्हतं, तरी हो. उत्तर माहीत नसताना हो म्हणायची मला सवयच आहे. तिने माझ्या हातावर सुकटीची पुडी ठेवली. ती अजून ओट्यावर तशीच आहे, करायला धीर होत नाही.

आणि मग बुधवारी तुझ्या दारात उभी राहून मी वहिनीला विचारलं की रतनने उत्तर लिहिलं का. ती हळूच म्हणाली, “ताई लिहीतच नाहीत. म्हणतात, शालन सांगेल, मग मी कशाला लिहू.” मी पायऱ्या उतरले ती कशी उतरले ते मला आठवत नाही. तुला माझा राग आलाय, म्हणून तू भेटत नाहीस, असं मी धरून चालले होते. तू मला लाज वाटू नये म्हणून आत बसली होतीस. आणि मी गप्प होते, त्याचा तू चांगला अर्थ काढलास, की शालन शब्द जुळवत असेल.

आज सकाळी दहा वाजता मी कार्मिक अधिकाऱ्यांकडे माझा लेखी जबाब दिला. सोबत प्रोग्रामचा जुना कागद जोडला. त्याच्या माथ्यावर माझं नाव आणि तारीख आहे, आणि त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली आहे. तुझी सेलची चिठ्ठीही जोडली, ‘किरकोळ’ सकट. मार्चच्या बैठकीत तू काय म्हणाली होतीस ते तुझ्याच शब्दांत लिहिलं. मग खाली येऊन ती ओळ बदलली. आता उत्तर आलं नाही की गाडी उभी राहते. दुपारी निघाले तेव्हा बाळकुमला एक उभीच होती आणि महिपत फोनवर माझा उद्धार करत होता. सुधीर सर माझ्याशी बोलत नाहीत. माझं काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. अधिकाऱ्यांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, सोमवारी पाचपर्यंत त्यांचं स्वतःचं उत्तर आलं नाही, तर आरोप मान्य आहेत असं धरावं लागेल, नोटिशीत तसंच लिहिलंय, मग तुमचे हे कागद नुसते फाइलला लागतील. मी पुष्कळ वाद घातला. तो नियम मला बदलता येत नाही, रतन. म्हणून लिही. शालन सांगेल म्हणून थांबू नकोस, शालनने फार उशिरा सांगितलं. जबाबाची प्रत सोबत आहे, कोरे कागदही ठेवले आहेत. सोमवारी दुपारी मी टिटवाळ्याला येते आणि तुझं उत्तर घेऊन जाते, हवं तर दारातूनच. मला मात्र काही लिहिलं नाहीस, कधीच लिहिलं नाहीस, तरी चालेल. तू मला माफ केलंस असा अर्थ मी त्यातून काढणार नाही.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क नसलेली,
शालन