हुकमदार

बाबा, काल मी बोरिवलीला एका शेतघरात लढाईच्या वस्तू बघायला गेले होते. भाताच्या खाचरांमधलं जुनं कौलारू घर. पेन्शनीत निघालेल्या एका सुभेदारांनी तिथं दोन खोल्यांत संग्रहालय थाटलंय. ह्यांना कचेरीत कुणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही गेलो. मला आधीपासूनच शंका. ओटीवरूनच आतली कणगी दिसत होती, तिला टेकून बंदूक उभी. शेजारच्या तलवारीवर 'तुर्की' अशी चिठ्ठी, पण म्यान हुबेहूब आमच्या लग्नात भाड्यानं आणलेल्या तलवारीचं. कुणाचं काही खरं वाटू नये हा माझा स्वभाव, आणि तो तुमच्यामुळेच झाला.

आत शिरणार तोच सुभेदारांनी दारात काठी आडवी धरली आणि ओरडले, "हुकमदार!" बघायला आलेली पुढची पोरं खिदळली. मी मात्र जागीच थिजले.

हा शब्द तर तुमचा. दार वाजलं की तुम्ही आतून हाच विचारायचात, आणि मी बाहेरून "फिरेन" म्हटल्याशिवाय कडी काढायचा नाहीत. माझ्या जन्माआधी तुम्ही पलटणीत होतात, असं तुम्ही सांगायचात. बिल्ला नाही, कागद नाही. मामा तर तुमच्या तोंडावर आईला म्हणायचा, "खयची पलटण गो? तो कराचीक खानावळीत बशयो धुयत होतो!" आई गप्प बसायची. तुम्हीही. मी मोठी झाले ती मामाचंच खरं धरून.

मी सुभेदारांना काहीच सांगितलं नाही. उलट भोळेपणानं विचारलं, "म्हणजे काय हो?"

"पहाऱ्यावरच्यानं विचारायचं असतं, बाई. गोऱ्या साहेबाचं 'हू कम्स देअर', आमच्या तोंडात हुकमदार."

"आणि उत्तर?"

"फ्रेंड. आमची पोरं फ्रेन म्हणायची."

म्हणजे माझं 'फिरेन'. तरी संशय सुटेना. "खानावळीत बशा धुणाराही हे ऐकून म्हणेल की!"

"म्हणेल ना. चेष्टेत म्हणेल." त्यांनी काठी खाली घेतली. "तुमच्या घरी कोण म्हणायचं, ते हसायचे का?"

नाही, बाबा. तुम्ही हसत नव्हतात. आठवतंय आता. भर दुपारी मी शाळेतून यायची आणि तुम्ही दाराआड उलथनं घट्ट धरून उभे असायचात. तो आपला खेळ आहे असं मला वाटायचं.

तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकणार? आणि खरं सांगू, मामाचा आवाज अजून कानातून पुरता गेलेला नाही. पण आज संध्याकाळी दार वाजलं, तेव्हा कडीवर हात ठेवून मी हळूच विचारलं, "हुकमदार?" बाहेरून हे म्हणाले, "अगं, मी आहे, उघड." मी उघडलं, पण जरा उशिरा. मला वाटलं होतं, कुणीतरी "फिरेन" म्हणेल.