पोरीसाठी काढलेली ओळख

२ नोव्हेंबर, रविवार
नात मित्रा, तिचा फोन. रविवारी कपडे धुऊन झाले की करते, फौजेत गेली तरी नेम मोडला नाही. आज आवाज दबका. पलटणीत सगळ्यांच्या मोबाइलवर प्रश्न आलेत म्हणे. पोरी-जवान एकमेकांशी कसे वागतात, कोणी वाईट बोललं का, नको तिथं हात लावला का, लावला तर सांगितलं का, नसेल तर काहून नाही. नाव टाकायचं नाही.
"आबाजी, खरं लिवू का?"
लिहिण्याजोगं आहे म्हणजे... विचारलं, कोन हाय तो?
"स्टोअरमधला एक हवालदार. तुमी नोका इचारू. अन् कोनाले सांगू नोका. आमी पोरी इथं बोटावर मोजन्याएवढ्या, लगेच ओळखू येते."
म्हटलं, लिही बाई. खऱ्याले कायचं भेव.
म्हणताना छाती फुगली होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार
शाळेच्या शर्टाची बाही उलटी जोडली. उसवली. ध्यान सगळं नातीकडे. पोरगी एवढी दूर, आपण इथं शेलूबाजारात मशीन हाणत. आपल्याकडे दवाखान्यात खाट पाहिजे तरी ओळख काढावी लागते, मग पोरीसाठी काढू नये?
रिटायर सुभेदार समोरच्या टपरीवर रोजचेच. सांगितलं. सगळं नाही, थोडं. पोरीनं वर काही लिहून दिलंय, जीव घाबरते.
"काहून घाबरता टेलर? तिच्या पलटणीत आपल्या भागातला पोरगा हाय, माह्या हाताखालचा. सांगतो त्याले, बहिणीसारखं लक्ष ठेव म्हनून."
चहाही त्यांनीच पाजला. जीव भांड्यात पडला. दोन घास जास्त जेवलो.

९ नोव्हेंबर, रविवार
नातीचा फोन. हसली नाही.
"काल स्टोअरात बूट बदलाले गेली. तो हवालदार म्हने, तुह्या आबाजीची मशीन चालते का अजून? म्हताऱ्या मानसाले उगा घोर नोको लावू."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"तुमी टेलर हा, हे मी इथं फक्त सरिताले सांगतलं होतं." सरिता म्हणजे तिच्या खोलीतली मैत्रीण, राजस्थानची. "तुमी बोलले का कोनाजोळ?"
"नाई बापा."
निघून गेलं तोंडातून. सुईत दोरा ओवताना हात कापते माझा. खोटं बोलताना जीभ काही कापली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
सुभेदारांना गाठलं. तुमचा तो पोरगा काय काम करते तिथं?
"स्टोअरले हाय. हवालदार. लई गुनी."
कुंपणालाच शेत राखाले सांगून आलो होतो. म्हटलं, तोच तो. सुभेदारांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "पोरी मनावर घेतात टेलर. फौजेत थोडंफार चालते."
उठलो. चहा तसाच टाकून. रागही धड करता येईना. तोंड माझंच उघडलं होतं, त्यांनी तर फक्त...

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नातीचा अवेळी फोन. चौकशीला बाहेरच्या एक बाई अफसर येणार, सोमवारी. ज्यांनी लिहिलं त्यातली कोणी नावानिशी समोर येऊन बोलेल का, असं सगळ्या पोरींना विचारलंय.
"सरितानं पाह्यलंय सगळं. साक्षीले येनार होती. पन फोडलं तर तिनंच ना? मी बोलनं सोडलं तिच्यासंगं. रडून राह्यली ते. रडू दे."
आता सांगायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं.
म्हणालो, "बरं, जेवली का तू?"
जेवली का. लाज कशी नाही वाटत या तोंडाला.

१६ नोव्हेंबर, रविवार
तिच्या फोनची वाट पाहिली नाही. मीच लावला. सांगितलं.
मागं बादलीवर नळ सुरू होता. तिनं बंद केला.
"काय काय सांगतलं त्याहिले?"
सगळं सांगितलं. 'नाई बापा' सुद्धा. रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"पयले सरितापाशी जाते."
अन् उद्या? विचारणार होतो. गिळलं. तिनंच म्हटलं, "उद्याचं माहीत नाई आबाजी. नाव टाकलं नोतं मी. तुमी टाकलं."
ठेवला फोन. नेहमी म्हणते, गोळी घ्या बीपीची. आज म्हणाली नाही. घेतली मी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळपासून मशीनवर. मोबाइल कापडाजवळ, आवाज मोठा करून. वाजला नाही.
दुपारी सुभेदार आले, काही झालंच नाही असे पायरीवर बसले. "काय म्हनते मंग पोरगी? गेली का बाईसमोर?"
मी दोरा तोडायला दातात धरला होता. धरूनच ठेवला.